हरण्याचे शब्द

माझी नात सध्या स्पॅनिश शिकते आहे. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, असंच. मोबाइल तिला शब्द विचारतो, ती उत्तर देते, बरोबर आलं की तो टुणकन वाजतो. परवा माझ्या खाटेवर मांडी घालून ती हरण्याचे शब्द पाठ करत होती. पेरदेर म्हणजे हरणं, आणि हरवणंसुद्धा. देर्रोता म्हणजे पराभव. फ्राकासो म्हणजे अपयश. रेंदीर्से म्हणजे हात टेकणं. चुकली की स्वतःशीच हसायची आणि पुन्हा म्हणायची. मलाही म्हणाली, "आजी, तू म्हणून बघ." मी चारही शब्द एका दमात म्हटले. तिला मोठं नवल वाटलं. मी म्हणाले, "या विषयाचा माझा अभ्यास जुना आहे." तिला ती थट्टा वाटली आणि ती पुढच्या धड्याला लागली. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. सुनेला सांगितलं, पित्त झालंय. ते शब्द मी कोणत्या भाषेत, कुणाच्या ओसरीवर आणि कुणाच्या जिवावर शिकले, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या दोघांना सांगायला हवं होतं ती दोघंही गेली. आता सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही, पण घशातलं हाड किती वर्षं बाळगायचं?

आम्ही गुरव. डोंगरकड्याच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या पांढरीवर महादेवाचं देऊळ, आणि देवळाच्या दरवाजाला लागून एक खोली. तीच आमचं घर. वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ ग्यानबा काका, अशा दोघांत देवाची सेवा वाटलेली होती. एक पंधरवडा आमचा, एक काकांचा. ज्याचा पंधरवडा त्यानं पहाटे गाभारा झाडायचा, पिंडीला पाणी घालायचं, सोमवारी घरोघर बेल द्यायचा. आणि घरोघरून पदरात जे जोंधळे पडतील ते त्याचे. शिवाय गावातल्या लग्नाकार्याला पळसाच्या पत्रावळी आमच्याच घरून जायच्या. माझ्या लहानपणाचा वास विचाराल तर तो सुकत घातलेल्या पळसाच्या पानांचा, आणि आवाज विचाराल तर पत्रावळ टाचताना काडी पानात शिरते तेव्हा जो बारीक चर्र आवाज होतो तो. माय बोलता बोलता शंभर-शंभर पत्रावळी टाचायची, तिची नजर पानाकडे नसायचीच. अंबाडीची भाजी, जोंधळ्याची भाकरी आणि तिळाची चटणी, हे आमचं रोजचं जेवण. वडिलांची सनई खुंटीवर होती. ते गेल्यावर तिला कुणी हात लावला नाही. मी एकदा फुंकून पाहिली तर मायनं पाठीत धपाटा घातला आणि मग मला जवळ घेऊन स्वतःच रडली.

वडील गेले तेव्हा मला भाऊ नव्हता. तेराव्याचं जेवण पचायच्या आत काका दारात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वैनी, आता दोनी पंधरवडे माज्याकडं. बाईच्या हातची पूजा देवाला चालत न्हाई." माय म्हणाली, "देवानं येऊन तुमाला सांगतलं का भाऊजी?" काकांनी पुढच्या पंधरवड्याला गाभाऱ्याला कुलूप घातलं. माय तशीच पायी हिंगोलीला गेली, एक वकील गाठला आणि दावा लावून परत आली. माझी माय म्हणजे चार फुटांची बाई, नाव गौराबाई, कधी गावाबाहेर एकटी गेलेली नव्हती. पंचांनी काकांना समजावलं की निकाल लागेपर्यंत गौराबाईचा पंधरवडा चालू द्या, मग कोर्ट म्हणेल तसं. काका कबूल झाले. पंचांसमोर ते फार गोड बोलायचे. माणूस दिसायलाही गोड होता, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे आणि तोंडात कायम विडा.

तेव्हा राज्य निजामाचं, कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत. पहिलं समन्स आलं तेव्हा मायला त्यातलं काही कळेना. तिनं ते काकांनाच वाचायला दिलं, कारण गावच्या गुरवांत तेवढं वाचता येणारे तेच एक होते. ज्याच्यावर दावा लावला त्याच्याकडूनच कागद वाचून घ्यायचा, असा तिचा भोळेपणा. काकांनी तारीख आठ दिवस पुढची सांगितली. माय आठ दिवस उशिरा कोर्टात पोचली आणि वकिलाच्या शिव्या खाऊन आली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला हाताला धरलं, काखेत पत्रावळींचा गठ्ठा घेतला आणि सरळ मुन्शीजींच्या ओसरीवर नेऊन बसवलं. म्हणाली, "मुन्शीसाहेब, हिला तुमची अक्षरं शिकवा. पोरगी हाय म्हून न्हाई म्हनू नका. माज्या घरात वाचणारं दुसरं मानूस न्हाई."

मुन्शीजी हिंगोलीच्या कोर्टात नकलनवीस होते, म्हणजे निकालांच्या प्रती हातानं उतरवून काढायचं त्यांचं काम. नोकरी संपल्यावर बीबीला घेऊन ते गावच्या घरी येऊन राहिले होते. दाढी पांढरी, बोटं शाईनं कायमची काळी पडलेली, डोळे अधू होत चाललेले. त्यांच्याकडे शिकवायला पुस्तक नव्हतं. होती ती एक लाकडी पेटी, आणि तिच्यात आयुष्यभरात बिघडलेल्या नकला. नकल करताना शाईचा डाग पडला की तो कागद बाद व्हायचा, दुसरा करावा लागायचा, आणि बाद झालेला ते घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची आणि लिहिलेल्या बाजूवरून वाचायला शिकायची. त्यामुळे झालं काय, की बाकीची पोरं ज्या वयात घर, आंबा, गाय वाचतात त्या वयात मी कोर्टात हरलेल्या माणसांचे निकाल वाचत होते. मी एकदा विचारलं, "जिंकलेल्याचे कागद काहून न्हाईत?" तर मुन्शीजी म्हणाले, "बेटी, दोघांचा कागद एकच असतो. पण जितणारा एकदा ऐकतो अन् घरी जातो. हारणारा पुन्हा पुन्हा नकल मागतो. त्याला वाटतं, कुठं तरी लिहिण्यात चूक झाली असंल."

मग ते एकेक शब्द समजावून सांगायचे. हार म्हणजे खेळातली, दुसऱ्या दिवशी विसरायची. मात बुद्धिबळातली, राजा जिवंत असतो पण त्याला हलता येत नाही. शिकस्त म्हणजे मोडूनच पडणं. कोर्टातल्या घाईच्या, घसटत्या अक्षरालाही शिकस्ताच म्हणतात, आणि ते वाचता आलं म्हणजे उर्दू आली असं समजायचं. महरूम म्हणजे जे आपलं असायला हवं होतं त्याला मुकणं. बेदखल म्हणजे जिथं बसलोय तिथून उठवलं जाणं. नाकाम, नामंजूर, खारिज. सगळ्यात शेवटी त्यांनी दस्तबरदार हा शब्द दिला. म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणारा, हात वर उचलून घेणारा. तो शब्द सांगताना त्यांनी आपले काळे पंजे खरोखरच वर केले होते, ते मला अजून दिसतात. आणि एक नियम त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवला होता. "शेवटची ओळ आधी वाचायची, बेटी. वरचं सगळं वकिलांसाठी असतं. आपला जीव शेवटच्या ओळीत असतो."

दोन वर्षांत मी शिकस्ता वाचायला लागले. मुन्शीजी जाता-येता देवळापाशी थांबायचे आणि मायला म्हणायचे, "बाई, पोरगी हुशार आहे. हिच्या नजरेतून खारिज सुटत न्हाई." माय त्यांना पाणी द्यायची. त्या काळच्या रीतीनं तांब्या वर धरून ती धार सोडायची आणि ते ओंजळीनं प्यायचे. ओंजळ पुसून म्हणायचे, "बराबर आहे," म्हणजे पुरे झालं. आज ती रीत आठवली की लाज वाटते, पण तेव्हा त्यांना किंवा मायला तिच्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्या पाण्यात माया होती एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

निकालाचा कागद आला तो आषाढ संपता संपता. मुन्शीजी तेव्हा गावात नव्हते, डोळे फारच बिघडल्यामुळे मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला होता. आमचा पंधरवडा सुरू होता आणि माय गाभाऱ्यात होती. वकिलाचा गुमास्ता मोटार गाठायच्या घाईत होता. त्यानं कागद माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, "मायला सांग, पोळ्याच्या आत हिंगोलीला यायचं. अपिलाची मुदत पोळ्यापर्यंत हाय. पोळा झाला की मग बरमदेव आला तरी काही होत न्हाई. सांगशील न?" मी मान हलवली. त्यानं पुन्हा एकदा "पोळ्याच्या आत" म्हटलं आणि तो गेला. मी दरवाजातच कागद उघडला आणि शिकवल्याप्रमाणे शेवटची ओळ आधी वाचली. दावा खारिज. अक्षर घसटतं होतं, पण स्वच्छ लागत होतं. मला तेरावं वर्ष होतं. लहान होते हे खरं, पण त्या दोन शब्दांचा आणि त्या मुदतीचा अर्थ मला पुरता कळला होता. लहान वयाचा आडोसा मी आजवर स्वतःला घेऊ दिलेला नाही.

माय गाभाऱ्यातून ओल्या हातांनी बाहेर आली. हात लुगड्याला पुसले आणि खाली बसली. "वाच," म्हणाली. मी वरून वाचायला सुरुवात केली. मुद्दई, म्हणजे दावा लावणारी, गौराबाई, असं तिचं नाव आलं तेव्हा ती हसली. सरकारी कागदावर आपलं नाव आहे आणि आपली पोरगी ते वाचते आहे, एवढ्यानंच ती फुलून आली होती. वडील गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी ओळीमागून ओळ वाचत होते, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि शेवटची ओळ जवळ येत होती. ती आली तेव्हा मी थांबले. माय म्हणाली, "काहून थांबलीस गं रुकमे? काय लिवलंय?"

"आपल्याकडून लागला, आपुन जितलो," मी म्हणाले.

मी ते ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. मायनं माझे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत धरले आणि कपाळाला लावले, माझे, पोटच्या पोरीचे हात. मग म्हणाली, "वकीलसायबाकडं जाऊन पाया पडून येते." आणि इथं मी जे बोलले ते मात्र ठरवून बोलले. "गुमास्ता म्हनला, यायची गरज न्हाई. कागद नीट ठेवा म्हनला." तिनं कागद वडिलांच्या सनईच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावली.

तो श्रावण माझ्या मायच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना असेल. ती पत्रावळी टाचताना गाणं म्हणायची. गाभारा झाडताना मोठ्यानं देवाशी बोलायची. पहिल्या सोमवारी तिनं गावातल्या प्रत्येक घरी बेल दिला, ज्यांनी काकांच्या बाजूनं साक्ष दिली होती त्यांच्याही घरी, आणि प्रत्येक दारात सांगितलं, "माजी लेक वाचते, आमच्याकडून निकाल लागला." त्या दिवशी घरात पुरण शिजलं. हरभऱ्याची डाळ कुठून आणली देव जाणे. पाच पोळ्या आणि वाटीभर गुळवणी तिनं माझ्याच हातांनी काकांकडे पाठवलं. म्हणाली, "जितलेल्या मानसानं आकस धरू नये."

काका ओट्यावर बसले होते. मी ताट ठेवलं. त्यांनी विचारलं, "कागद कुनी वाचला?"

"मी."

"काय लिवलंय?"

"आमच्याकडून लागला."

काकांनी माझा चेहरा निरखून पाहिला. त्यांना त्यांच्या वकिलाकडून खरं काय ते आठ दिवस आधीच कळलेलं होतं. त्यांना मुदतही माहीत होती. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असेल की पोरीला वाचता आलं नाही, किंवा हेही ओळखलं असेल की पोरीला नीट वाचता आलंय. ते म्हणाले, "शाबास. शिकली पोरगी." मग पोळीचा तुकडा मोडला, गुळवणीत बुडवून खाल्ला आणि आत आवाज दिला, "अगं, वैनीनं पुरन धाडलंय. तूप आन जरा." पाचही पोळ्या त्यांनी माझ्यासमोर संपवल्या. पुढं गावात कुणी निकालाचं विचारलं की ते हात जोडून म्हणायचे, देवाच्या मनात असंल तसं. महिनाभर हा माणूस आम्हाला पाहून गोड हसत होता आणि दिवस मोजत होता. दिवस मीही मोजत होते. त्या महिन्यात त्या गावात आम्हा दोघांनाच सारखी माहिती होती.

मी सांगणार होते. रोज सांगणार होते. आधी म्हटलं, हा सोमवार जाऊ दे. मग म्हटलं, नागपंचमी जाऊ दे. सकाळी ठरवायची आणि मायचं गाणं कानावर आलं की पुढं ढकलायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तिच्यापुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "माय, एक सांगायचंय." ती चुलीला लागलेली. म्हणाली, "आधी डाळ निवड. उद्या मानाचे बैल देवळाला येतेत, पुरनाला उशीर व्हायचा." मी सूप पुढं ओढलं आणि डाळ निवडली. खडे बारीक होते, बराच वेळ लागला. डाळ निवडून झाल्यावर मी उठून गेले. दुसऱ्या दिवशी घुंगरं वाजवत बैल आले, मायनं त्यांचे पाय धुतले, आणि मुदत संपली.

पोळ्याला चारच दिवस झाले होते, आमचा पंधरवडा चालू होता. माय पहाटे झाडू घेऊन निघाली तर गाभाऱ्याला कुलूप, आणि उजाडायच्या आत काका, पाटील आणि कोर्टाचा चपराशी दारात हजर. चपराशानं कागद वाचून दाखवला. सेवा दोन्ही पंधरवडे ग्यानबा गुरवाची, आणि देवळाची खोली सेवेकऱ्याची. माय म्हणाली, "तुमचं काही तरी चुकून राहिलं. निकाल माज्याकडून लागलाय." तिनं पिशवीतून आमचा कागद काढून चपराशाला दिला. त्यानं तो पाहिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, दावा खारिज. तुमच्याच कागदावर हाय. अपील काहून केलं न्हाई?" काका जमिनीकडे पाहत होते. त्यांच्या खांद्यावर नवी चाव्यांची दोरी होती.

माय माझ्याकडे वळली. सगळे माझ्याकडे पाहत होते. ती रागावली नव्हती. तिनं अगदी हळू विचारलं, "रुकमे, तुला वाचता आलं न्हाई का गं?"

आता वाटतं, तिनं तो प्रश्न तसा विचारला नसता तर मी खरं बोलले असते. पण ते सोडा. मी म्हणाले, "व्हय माय. न्हाई वाचता आलं."

त्या दिवशी दुपारपर्यंत आमची भांडी रस्त्याकडेच्या एका पडक्या छपरात गेली. मुन्शीजी आदल्याच दिवशी हैदराबादहून परतले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. माय मला फरफटत त्यांच्या ओसरीवर घेऊन गेली आणि तिथं ती जे बोलली ते मी लिहिणार नाही. दोन वर्षं पोरगी बसवून ठेवली, पत्रावळी खाल्ल्या, आणि एक कागद वाचण्यापुरतं शिकवलं न्हाई, असा त्याचा सारांश. बीबी आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. मुन्शीजींनी हात पुढं केला, "कागद बघू." एका डोळ्यानं, कागद नाकाशी धरून त्यांनी तो पाहिला. शेवटची ओळ आधी. मग कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. खारिज माझ्या नजरेतून सुटत नाही, हे त्या ओसरीवर आम्हा दोघांनाच आठवत होतं. मी त्यांच्या पट्टीकडे पाहत राहिले, उघड्या डोळ्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. ते म्हणाले, "बाई, चूक माझी. शिकस्ता पोरीला नीट शिकवलं न्हाई मी." आणि कागदाची घडी करून त्यांनी तो मायला दोन्ही हातांनी परत दिला.

त्यानंतर माय तीस वर्षं जगली. पत्रावळी करून, दुसऱ्यांच्या वावरात हळदीच्या काढणीला जाऊन तिनं मला शिकवलं, मास्तरीण केलं, माझी पोरं सांभाळली. पगाराच्या कागदावर सुद्धा ती मला सही करण्याआधी म्हणायची, दुसऱ्याकडून वाचून घे बाई, तुला त्या मुन्शीनं कच्चं शिकवलंय. मी हसायची. शेवटच्या आजारपणात ती महिनाभर माझ्या घरी अंथरुणावर होती, मी रोज तिचे पाय दाबत होते, आणि तेव्हाही मी डाळच निवडत बसले.

पण सगळ्यात वाईट ते मधल्याच काळात होऊन गेलं होतं. रझाकारांचे दिवस आले, मग लष्कर आलं आणि निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उधळला, मीही उधळला. त्या गुलालात काही लोकांना जुने हिशेब आठवले. ज्यांनी खरोखर छळ केला होता ते केव्हाच पळाले होते. जे उरले ते मुन्शीजींसारखे. चावडीवर माणसं जमली आणि मुन्शीनं गावाचं काय वाईट केलं ते एकेकजण सांगू लागला. बहुतेकांना काही सांगता येईना. त्यानं फक्त नकला उतरवल्या होत्या. तेव्हा ग्यानबा काका उभे राहिले, भस्माचे तीन पट्टे ओढलेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या मुन्शीनं माज्या वैनीचा घात केला. पोरीला उलटं शिकवलं. रांडमुंड बाईचा पंधरवडा घालवला यानं." लोकांना पटलं. मी बायांच्या घोळक्यात उभी होते, मायच्या शेजारी. माय मान हलवत होती. त्या रात्री मुन्शीजींच्या ओसरीला आग लागली. माणसं वाचली, पेटी जळाली. सकाळी वाऱ्यानं जळक्या कागदांचे तुकडे आमच्या छपरापर्यंत आले होते, काहींवर अक्षरं अजून लागत होती.

दोन दिवसांनी, भर दुपारी, मुन्शीजी आमच्या दारात आले. मागं रस्त्यावर बैलगाडी थांबली होती, तिच्यात बीबी तोंड झाकून बसली होती. ऊन कडक होतं. मी नुकतीच विहिरीवरून पाणी घेऊन आले होते आणि भरलेला तांब्या माझ्या हातात होता. माय दाराशी पत्रावळी टाचत होती. तिनं मान वर केली नाही.

"बाई, जाऊन राहिलो," मुन्शीजी म्हणाले. "परत यायचं न्हाई होणार. तुमचं नुकसान झालं माझ्यामुळं. दिलात ठेवू नका."

माय टाचत राहिली. काडी पानात शिरल्याचा आवाज येत होता.

मुन्शीजींनी विचारलं, "थोडं पाणी मिळंल का?"

माय म्हणाली, "पानी न्हाई."

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. पट्टी आता नव्हती, दोन्ही डोळे उघडे होते आणि त्यांना दिसत होतं. त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता, माझ्या बोटांवरून पाणी ओघळत होतं. पुढं व्हायला दोन पावलं पुरली असती. मी मायकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि जागची हलले नाही.

ओंजळीसाठी अर्धवट पुढं केलेले काळे हात त्यांनी वर उचलून घेतले.

"बराबर आहे," म्हणाले, आणि गाडीकडे वळले.